राज्य मोडण्याचा अधिकार : अनुच्छेद ३ आणि द्विभाषिक मुंबई

१/
१९५६ साली मुंबई राज्याच्या विधिमंडळापुढे एक विधेयक मत देण्यासाठी आले. त्या विधेयकानुसार राज्याच्या जागी तीन घटक निर्माण व्हायचे होते : महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्राच्या ताब्यातील मुंबई शहर. विधिमंडळाने त्यावर चर्चा करून मत कळवले. ऑगस्टअखेर संसदेने केलेल्या कायद्यात मात्र या तिघांपैकी एकही घटक नव्हता. त्यांच्याऐवजी कच्छपासून विदर्भापर्यंत पसरलेले एकच द्विभाषिक राज्य होते. या नव्या योजनेवर मत मागण्यासाठी विधेयक राज्याकडे पुन्हा आलेच नाही. हे राज्यघटनेला धरून होते काय?

२/
सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर १९५९ मध्ये दिले. ते उत्तर भारतातील प्रत्येक घटक राज्याच्या अस्तित्वाशी निगडित आहे. संघराज्यात केंद्र सरकारचे अधिकार किती, याची चर्चा बहुधा विषयांच्या वाटपापाशी थांबते. संरक्षण कोणाकडे, शेती कोणाकडे, पोलीस कोणाकडे, एवढेच पाहिले जाते. त्याच्याही आधीचा एक प्रश्न असतो : ज्यांच्यात ही वाटणी करायची, ते घटक कोणी ठरवायचे आणि ते मोडण्याचा अधिकार कोणाचा?

३/
अमेरिकेच्या राज्यघटनेने या प्रश्नाचे उत्तर राज्यांच्या बाजूने दिले आहे. चौथ्या अनुच्छेदाप्रमाणे एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढायचे असेल, तर अमेरिकी काँग्रेसबरोबरच त्या राज्याच्या विधिमंडळाचीही संमती लागते. १८२० मध्ये मेन हे राज्य मॅसॅच्युसेट्सपासून वेगळे झाले, ते मॅसॅच्युसेट्सच्या संमतीने. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६३ मध्ये, व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया फुटून निघाले. तेव्हाही ही अट ओलांडता आली नाही. संघराज्याशी निष्ठावंत राहिलेल्या गटाने व्हर्जिनियाचे एक पर्यायी सरकार उभे केले आणि त्याची संमती दाखवून कागदोपत्री पूर्तता करावी लागली.

४/
१८६९ च्या ‘टेक्सास विरुद्ध व्हाइट’ या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेचे सार सांगितले : संघ अविनाशी आहे आणि ज्या राज्यांचा तो बनला आहे, ती राज्येही अविनाशी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या घटनेतही राज्याच्या सीमा बदलण्यासाठी त्या राज्याच्या संसदेची संमती आणि तेथील मतदारांचा कौल आवश्यक मानला आहे. या दोन्ही देशांत राज्ये आधी होती आणि त्यांनी एकत्र येऊन संघ घडवला. आपले अस्तित्व कोणाच्या हाती द्यायचे, याचा सौदा त्यांना प्रवेशापूर्वी करता आला.

५/
भारतातील क्रम उलटा होता. ब्रिटिशांचे प्रांत राज्यकारभाराच्या सोयीने आखले गेले होते. त्यांच्यामागे लोकांचा कोणताही करार नव्हता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील कलम २९० प्रमाणे नवा प्रांत निर्माण करण्याचा किंवा सीमा बदलण्याचा अधिकार ब्रिटिश राजसत्तेकडे होता. प्रांताचे सरकार आणि विधिमंडळ यांची मते अजमावली जात, पण अंतिम शब्द त्यांचा नसे. मुंबई इलाख्याने याच काळात सिंध गमावला. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला.

६/
घटना समिती कामाला बसली तेव्हा देशाचा नकाशा ओल्या मातीसारखा होता. फाळणीने पंजाब आणि बंगाल दुभंगले होते. साडेपाचशेहून अधिक संस्थानांचे विलीनीकरण चालू होते. भाषावार प्रांतरचनेची मागणी जुनी होती. काँग्रेसने १९२० पासून आपल्या प्रांतिक समित्याही भाषेनुसारच बांधल्या होत्या. मात्र डिसेंबर १९४८ मध्ये दार आयोगाने त्या घडीला भाषावार रचनेला प्रतिकूल मत दिले. नकाशा बदलणार हे सर्वांना दिसत होते. केव्हा आणि कसा, यावर एकमत नव्हते. म्हणून घटनेत असे एक दार ठेवणे भाग होते, जे सहज उघडता येईल.

७/
४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘संघ’ हा शब्द का योजला, याचे स्पष्टीकरण दिले. भारताचे संघराज्य घटकांमधील करारातून जन्मलेले नाही. म्हणूनच कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. अमेरिकेला हा मुद्दा रक्तरंजित यादवीनंतर निश्चित करावा लागला होता. भारताने तो आरंभीच लिहून ठेवला. या तत्त्वाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची होती : घटकाला संघातून बाहेर पडता येणार नव्हते, संघाला मात्र घटकाचे रूप बदलता येणार होते.

८/
ही दुसरी बाजू म्हणजे अनुच्छेद ३. त्यानुसार संसद कायद्याने नवे राज्य निर्माण करू शकते, राज्याचे क्षेत्र वाढवू वा घटवू शकते, त्याच्या सीमा बदलू शकते आणि नावही बदलू शकते. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली. प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती सुचवली की, अशा बदलाचा आरंभ संबंधित राज्याच्या विधिमंडळातूनच व्हावा. ती स्वीकारली गेली नाही. राज्याचे मत विचारात घेतले जाईल, पण त्याची संमती ही अट असणार नाही, अशी रचना कायम झाली.

९/
अनुच्छेद ४ ने ही वाट आणखी सोपी केली. अनुच्छेद ३ खालील कायदा हा घटनादुरुस्ती मानला जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे साधे बहुमत पुरेसे. यातून एक विलक्षण विसंगती निर्माण होते. केंद्र आणि राज्ये यांच्यातील विषयांच्या सूचीतील एखादी नोंद बदलायची, तर संसदेत विशेष बहुमत हवे आणि निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थनही हवे. संपूर्ण राज्याचे विभाजन करायचे, तर यांपैकी कशाचीच गरज नाही. राज्याच्या अधिकारांना घटनेने जितके संरक्षण दिले, तितके त्याच्या अस्तित्वाला दिले नाही.

१०/
आता १९५५ कडे येऊ. फाझल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर रोजी अहवाल सादर केला. आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचवले. उर्वरित मराठी प्रदेश आणि गुजराती प्रदेश यांचे मिळून एक द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले. तेलुगू, कन्नड आणि मल्याळी भाषकांना आपापली राज्ये मिळणार होती. मराठी आणि गुजराती भाषकांना मात्र हे तत्त्व लागू होणार नव्हते. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि १५ जणांनी प्राण गमावले.

११/
त्यानंतरच्या महिन्यात, डिसेंबर १९५५ मध्ये, पाचवी घटनादुरुस्ती झाली. तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही, पण तिचा संबंध थेट या वादाशी होता. अनुच्छेद ३ च्या मूळ परंतुकात राज्यांची मते अजमावण्याला काळाचे बंधन नव्हते. एखाद्या विधिमंडळाने मत देण्यास टाळाटाळ केली असती, तर विधेयक अडून राहिले असते. दुरुस्तीनंतर राष्ट्रपती मुदत ठरवून देऊ लागले. त्या मुदतीत मत आले नाही, तरी संसदेला पुढे जाण्याची मोकळीक मिळाली. पुनर्रचनेच्या तोंडावर राज्यांच्या हातातील उरलेसुरले विलंबाचे शस्त्रही गेले.

१२/
१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की, मुंबई शहर केंद्रशासित होईल. हीच ती त्रिराज्य योजना. मुंबईत पुन्हा आंदोलन पेटले, पुन्हा गोळीबार झाला. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. मुंबईच्या विधिमंडळाकडे मतासाठी गेलेले विधेयक या योजनेचे होते. १८ एप्रिलला ते लोकसभेत मांडले गेले. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर पद सोडले. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच जाहीर झाला, असा आक्षेप त्यांनी जुलै महिन्यात लोकसभेत नोंदवला.

१३/
संयुक्त समितीचा अहवाल १६ जुलैला आला आणि त्यानंतर चित्र पालटले. निरनिराळ्या पक्षांच्या खासदारांनी पुढाकार घेऊन विशाल द्विभाषिकाचा पर्याय पुढे आणला. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह मुंबईचे एकच राज्य करावे, असा तो पर्याय होता. ऑगस्टमध्ये लोकसभेने तो स्वीकारला. गुजरातला हा धक्का अनपेक्षित होता. ८ ऑगस्टला अहमदाबादेत निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. महागुजरातचे आंदोलन तेथून पेटले. ३१ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले.

१४/
कायदा अंमलात येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९५६ मध्ये, बाबुलाल पराते यांनी मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. विधिमंडळाने मत दिले ते त्रिराज्य योजनेवर. संसदेने मंजूर केले ते द्विभाषिक. त्या द्विभाषिकावर मत देण्याची संधी राज्याला मिळालीच नाही, म्हणून परंतुकाचा भंग झाला. त्यांनी आणखी खोलवर जाणारा मुद्दाही मांडला. परंतुकातील ‘राज्य’ या शब्दाचा अर्थ लोकशाहीच्या तत्त्वाला अनुसरून व्यापक घ्यावा आणि लोकांना व त्यांच्या प्रतिनिधींना अशा मूलभूत बदलावर बोलण्याची खरी संधी मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते.

१५/
उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने २८ ऑगस्ट १९५९ रोजी निकाल दिला. निकालपत्र न्या. एस. के. दास यांनी लिहिले. न्यायालयाच्या मते परंतुकाच्या अटी दोनच आहेत : विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस हवी आणि विधेयकातील प्रस्ताव राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवलेला हवा. या दोन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या. आलेले मत स्वीकारण्याचे बंधन संसदेवर नाही. विधेयकाशी सुसंगत अशी दुरुस्ती संसदेने केली, तर ते पुन्हा राज्याकडे पाठवण्याचीही गरज नाही.

१६/
या निष्कर्षामागे व्यवहाराचा विचार होता. प्रत्येक दुरुस्तीगणिक विधेयक राज्यांकडे परत जाऊ लागले, तर पुनर्रचना कधी पुरीच होणार नाही. १९५६ च्या कायद्यात डझनावारी राज्यांच्या सीमा गुंतल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या काळजीचे वजन कळते. लोकशाहीच्या व्यापक तत्त्वाचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. घटनेच्या शब्दांपलीकडे जाऊन त्यात नवी अट घालता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती. पराते हरले. त्या दिवसापासून ‘मत विचारणे’ आणि ‘संमती घेणे’ यांच्यातील अंतर भारतीय कायद्यात कायमचे निश्चित झाले.

१७/
या अधिकाराला मर्यादा मुळीच नाही, असे मात्र नव्हे. लगेच पुढच्या वर्षी, १९६० मध्ये, बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक सीमा आखली. पश्चिम बंगालमधील बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला देण्याचा करार झाला होता. अनुच्छेद ३ वापरून देशाचा प्रदेश परक्या देशाला देता येणार नाही, त्यासाठी घटनादुरुस्तीच लागेल, असे न्यायालयाने सांगितले. त्यानुसार नववी घटनादुरुस्ती झाली. भारताच्या आतल्या रेषा संसदेने हव्या तशा आखाव्यात, बाहेरची रेषा हलवायची तर अधिक कठीण वाटेने जावे, असा हा भेद आहे.

१८/
कायद्याच्या कसोटीवर द्विभाषिक टिकले, राजकारणाच्या कसोटीवर टिकले नाही. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला जबर हादरा दिला. गुजरातेत इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात जनता परिषदेने आव्हान उभे केले. काँग्रेसची सत्ता राज्यात टिकली, पण द्विभाषिकाला लोकमान्यता नाही हे आकड्यांतून दिसले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने त्यांच्यापुढे प्रचंड निदर्शने केली. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा असलेल्या इंदिरा गांधी यांनीही विभाजनाला अनुकूलता दाखवली.

१९/
१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली. सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलेले द्विभाषिक त्या निकालानंतर अवघ्या आठ महिन्यांत संपले. ते संपवणारा कायदाही अनुच्छेद ३ खालीच झाला. द्विभाषिक ज्या अधिकाराने लादले गेले, त्याच अधिकाराने महाराष्ट्र निर्माण झाला. दरम्यान घटनेतील या तरतुदीचे सार बदलले नव्हते. शंभराहून अधिक हुतात्म्यांचे बलिदान आणि मतपेटीतून व्यक्त झालेला रोष यांमुळे तो अधिकार कोणत्या दिशेने वापरायचा, हे ठरले.

२०/
अमेरिकेसारखी संमतीची अट भारतात असती, तर काय झाले असते? द्विभाषिक लादणे केंद्राला अशक्य झाले असते, हे खरे. पण मराठवाडा बाहेर काढण्यासाठी हैदराबादची, विदर्भासाठी मध्य प्रदेशाची आणि त्याआधी आंध्रसाठी मद्रासची संमती मिळवावी लागली असती. मोठ्या राज्याच्या विधिमंडळात अल्पसंख्य असलेल्या भाषिक गटाला बहुसंख्याकांच्या मर्जीवर थांबावे लागले असते. अनुच्छेद ३ मुळे भाषावार भारत घडणे शक्य झाले. त्याच अनुच्छेदामुळे एखाद्या प्रदेशाच्या इच्छेविरुद्धही नकाशा आखणे शक्य राहिले. या दोन्ही शक्यता एकाच तरतुदीत आहेत.

२१/
बेळगावचा प्रश्न याच तरतुदीच्या दुसऱ्या शक्यतेतून उरला. १९५६ च्या कायद्याने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला. अनेक दशकांच्या वाटाघाटींनंतर २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. उलट गोव्याच्या बाबतीत संसदेने वेगळा मार्ग निवडला. केवळ कायद्याने विलीनीकरण करणे शक्य असूनही १९६६ मध्ये खास जनमत कौलाचा कायदा केला गेला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७०, तर स्वतंत्र राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. तो कौल मानला गेला. १९८७ मध्ये गोवा राज्य झाले.

२२/
परातेंच्या खटल्यातील तत्त्व आजही जिवंत आहे. ३० जानेवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेश विधानसभेने राज्याच्या विभाजनाचे विधेयक ठरावाने फेटाळले. तीन आठवड्यांच्या आत संसदेने ते मंजूर केले आणि २ जूनला तेलंगणा अस्तित्वात आले. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. तेव्हा तेथे राष्ट्रपती राजवट होती आणि विधानसभाच नव्हती. ११ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लडाखची निर्मिती वैध ठरवली आणि विधिमंडळाचे मत बंधनकारक नसते, हे पुन्हा सांगितले. संपूर्ण राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर करता येते काय, हा प्रश्न मात्र न्यायालयाने खुला ठेवला. जम्मू-काश्मीरला राज्याचा दर्जा परत देण्याचे आश्वासन केंद्राने दिले होते.

२३/
घटनेने केंद्राला राज्यांच्या नकाशावर जवळजवळ अनिर्बंध सत्ता दिली आणि न्यायालयांनी ती मान्य केली. त्या सत्तेला वेळोवेळी जो लगाम बसला, तो विधानसभेतल्या चर्चेने, निवडणुकीने, रस्त्यावरच्या आंदोलनाने किंवा गोव्यासारख्या स्वेच्छेने घेतलेल्या कौलाने. कायद्याने विचारणे पुरेसे असले, तरी लोकांनी मान्य केल्याखेरीज नकाशावरची रेषा टिकत नाही, हे द्विभाषिकाच्या साडेतीन वर्षांनी दाखवून दिले. मुंबईतील हुतात्मा चौकातून जाताना ही आठवण ठेवावी. जे राज्य तेथे प्राण देऊन मिळवले गेले, त्याच्या अस्तित्वाचे कायदेशीर संरक्षण आजही संसदेच्या साध्या बहुमताइतकेच आहे.

(समाप्त)